'चंद्रभागा'वरचा पाठमोरा

सोमवारी आमच्याकडे मासे होत नाहीत, हे मासेवाल्या ठमाबाईला आमच्याइतकंच ठाऊक. तरी सकाळी डब्याची पोळी तव्यावर असताना दारावर थाप पडली. एरवी ती जिन्यातूनच हाक देते. दार उघडलं, तर डोक्यावर टोपली नाही आणि अंगावर लग्नाकार्याचं लुगडं.

"दाखीव वयनी. कुटं हाय मालनचा बापूस?"

त्याला कारण मीच. मुलासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरवर हल्ली दुपारी मी इंटरनेट लावून बसते. तेवढा वेळ फोन बंद, म्हणून ह्यांची कुरकुर. पण काय काय सापडतं! कुणी काड्यापेट्यांवरची चित्रं मांडून ठेवलेली, कुणी आजोबांच्या सायकलींची. आपल्याकडून हरवलेलं परक्याच्या कपाटात निघावं, तसं वाटतं. शनिवारी ठाण्याची खाडी शोधत होते. पक्षी बघायला आलेल्या एका परदेशी माणसाने शहाऐंशी साली काढलेले फोटो निघाले. बगळ्यांच्या मागे होडी, होडीवर रंगवलेलं नाव 'चंद्रभागा' आणि आत उभा एक माणूस. चंद्रभागा म्हणजे ठमाबाईची सासू. कोपरीच्या काठाला त्या नावाची होडी एकच होती.

रविवारी पापलेट घेता घेता मी हे बोलले. माणूस पाठमोरा आहे, हे सांगेपर्यंत ती जिना उतरलीसुद्धा होती.

तिचा नवरा महिपत जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्याचा एकही फोटो नाही. आता लेकीचं, मालनचं, लग्न ठरलंय.

"जावई पाया कुनाच्या पडंल? भितीवरच्या खिळ्याच्या?" खुर्चीच्या कडेवर टेकत ती म्हणाली.

मी इंटरनेट लावलं. नेहमीची खरखर सुरू झाली.

"खोकला झालाय जनू ह्याला," ती हसली.

"ठमाबाई, एक सांगायचं राहिलं. त्यात चेहरा..."

"थांब गो, येऊ दे."

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरू लागला. आधी आभाळ. मग तिवरांची झाडं. मग डोक्याला बांधलेला रुमाल. ठमाबाई पुढे सरकली. मग मान, उघडी पाठ, कमरेला गुंडाळलेला कोळ्यांचा सुरका. खाली होडीत चमचमणारी मासळी.

"त्योच," ती हळूच म्हणाली. "फिरीव ना त्याला."

"फिरवता येत नाही हो."

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला, तरी मला उठवेना. फोटो अजून उतरत होता. तळाच्या कोपऱ्यात चिखलात उभी एक बाई दिसली, हात उंच केलेली.

"ही कोण?" मी विचारलं.

"मीच की." तिने त्या बाईवर बोट टेकवलं. "होडी भरून आलेली. ह्या गोऱ्यानं क्यामेरा उचलला, तशी मी मालनच्या बापसाला वरडले, अरं तोंड फिरीव, दीठ लागंल तुला नि म्हावऱ्याला! जल्मात कंदी माझं आयकलं नाय त्यानं. दारू सोड म्हनलं, नाय आयकलं. डागदरकडं चल म्हनलं, नाय आयकलं. ह्ये तेवढं बरं आयकलं."

पदराने तिने पडद्यावरची धूळ पुसली. धूळ फारशी नव्हतीच.

"ह्या गोऱ्याचा पत्ता हाय तुज्याकडं?"

"पानाच्या खाली दिलाय."

"मंग त्याला लिव वयनी. मी वरडायच्या आदी एकांदा काडला आसंल, तर तेवढा धाडून दे म्हनावं."