भरल्या जखमेची पट्टी

पैलवानाने आयुष्यात कुस्ती सोडाच, पत्त्यांचा डावसुद्धा कधी जिंकला नव्हता. पण अंगाने आडवातिडवा, मिशा भरघोस, आणि आवाज असा की बसचा हॉर्न बिघडला तर याने नुसतं खिडकीतून डोकं काढून ओरडावं आणि रस्ता मोकळा व्हावा. डेपोतल्या मंडळींनी त्याला पैलवान म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याच्या मागोमाग घरापर्यंत आलं. त्यामुळे त्याची बायको, जी फुंकर मारली तर उडून जाईल, ती गल्लीभर पैलवानीण झाली. तिला ते नाव बिलकुल आवडत नव्हतं. पण नावं ठेवणारे कुठे कुणाला विचारून ठेवतात?

बस चालवण्यात त्याची हयात गेली. एका दुपारी चढावर इंजिन तापलं आणि मुरलेल्या ड्रायव्हरने करू नये ते त्याने केलं. गाडी थंड व्हायची वाट न बघता रेडिएटरचं झाकण फिरवलं. तोंड वेळेवर वळवलं म्हणून डोळे वाचले, पण उकळतं पाणी अंगावर आलं आणि बेंबीखालपासून गुडघ्यांपर्यंत माणूस भाजून निघाला. घाई नडली, असं डेपोत सगळे म्हणाले. त्यातले निम्मे स्वतः तेच करत आले होते, पण नशिबाने वाचले होते.

दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, की कमरेला काहीही बांधायचं नाही. पट्टा नाही, नाडी नाही, टॉवेलसुद्धा गुंडाळायचा नाही. खांद्यावरून सैल सुटेल असं काहीतरी घाला म्हणाले. आता खांद्यावरून घोट्यापर्यंत सुटणारं असं पुरुषाच्या कपाटात असतं काय? पैलवानिणीचे गाऊन होते, पण त्यात त्याचा एक हात जेमतेम गेला असता. शेवटी ती दुकानात गेली आणि असेल त्यात सगळ्यात मोठा मागितला. कुणासाठी, म्हणून दुकानदाराने विचारलं. नणंदेसाठी, ती म्हणाली. पैलवानाला बहीणच नव्हती. गाऊन आकाशी रंगाचा होता, त्यावर पांढरी फुलं आणि बाजूला एक खिसा.

त्याने तो चढवला तेव्हा ती हसून हसून जमिनीवर बसली. मिशा आणि फुलं एकाच माणसावर तिने आजवर पाहिली नव्हती. तो आधी खेकसला, मग त्यालाही हसू आलं, आणि हसताना कातडी ओढली गेल्यामुळे कळवळला. डेपोतले मित्र भेटायला आले तेव्हा एकाने विचारलं, "वहिनी, जाऊबाई राहायला आल्यात का?" सगळे खो खो हसले, त्यात पैलवानाचा आवाज सगळ्यात मोठा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आजारी माणसाला सगळं माफ असतं. लोकांचा चांगुलपणा अगदी मनापासूनचा होता. फक्त तो डॉक्टरच्या चिठ्ठीवर चालत होता, एवढंच.

रोज सकाळी पैलवानीण पट्टी बदलायची. कोमट पाण्याने चिकटलेलं कापड भिजवायचं, हळूच सोडवायचं, मलम लावायचं, नवी पट्टी गुंडाळायची. पूर्वी सकाळी घरात त्याची आरडाओरड असायची. मोजे कुठे, डबा कुठे, पाणी का गरम नाही. तो ड्यूटीवर गेला की घर श्वास सोडायचं आणि परत आला की पुन्हा धरायचं. आता तो खुर्चीवर पाय सोडून बसायचा आणि बोलायचा. साध्या गोष्टी. लहानपणी त्याला कुत्र्यांची भीती वाटायची. पहिल्यांदा बस चालवली तेव्हा भर गर्दीत पैलवानिणीचे हात आठवले होते, कारण स्टिअरिंगवर त्याचे स्वतःचे हात थरथरत होते आणि ते कुणीतरी धरायला हवे होते. हे त्याने तिला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. शेजारच्या काकू यायच्या, शेंगा सोलत बसायच्या, तर हाही गाऊनच्या खिशातून चष्मा काढून शेंगा सोलायला लागायचा. आवाज खाली आला होता. पैलवानिणीला वाटलं, दुखण्याने माणूस मऊ झाला. बरा झाला की पुन्हा मूळपदावर येईल.

जखम भरली. एका सकाळी पट्टी सोडली तर खाली गुलाबी, तुकतुकीत कातडी, कुठे ओल नाही, कुठे खपली नाही. ती आनंदाने म्हणाली, "अहो, भरली की हो. उद्यापासून पॅन्ट घाला." तो खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अजून थोडे दिवस बांध."

तिला वाटलं कामाचा कंटाळा. मग वाटलं रेडिएटरची धास्ती. तिने पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशीही बांधली. मग एकदा तिने उपाय म्हणून पुरुषांचा लांब सदरा शिवून आणला, तोही घोट्यापर्यंत, तेवढाच सैल. त्याने निमूटपणे घातला आणि दिवसभर खुर्चीत गप्प बसून राहिला. संध्याकाळी आत जाऊन गाऊन घालून आला आणि म्हणाला, चहा करतेस का. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लाज वाटली, रागही आला. माझ्याच वाट्याला हे का, असंही मनात येऊन गेलं. गल्लीत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. पण दुसऱ्या सकाळी तो पाय सोडून बसला, कुत्र्यांची राहिलेली गोष्ट सांगायला लागला, आणि ती ऐकता ऐकता भरल्या पायाला पट्टी गुंडाळत गेली. आता ती त्याच्यासाठीच बांधत होती असं म्हणता येणार नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिला नवरा आत्ता कुठे भेटला होता.

लबाडी म्हणाल तर एवढीच. बाहेर कुणी विचारलं की ती सांगायची, अजून ओलसर आहे. लोक चुकचुकायचे. काकू म्हणायच्या, वय झालं की जखम लवकर भरत नाही. डेपोने रजा वाढवून दिली. सगळे इतके चांगले वागत होते की तिला घास गोड लागत नव्हता.

मुलगा दुसऱ्या शहरात बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायचा. दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि जखमेची विचारपूस व्हायची. आई दर वेळी तेच सांगते म्हटल्यावर त्याच्या जिवाला घोर लागला. एका सकाळी न सांगता येऊन दारात उभा. त्याने इथल्या मोठ्या डॉक्टरची संध्याकाळची वेळ घेतली होती, गाडी सांगून ठेवली होती. बापाला गाऊनमध्ये बघून त्याचे डोळे भरले. चेष्टा करावी असंही त्याच्या मनात आलं नाही. किती हाल झाले तुमचे, म्हणाला.

दुपारी तिघं जेवायला बसले. मुलगा सांगत होता, की अशा जखमेवर दुसरीकडची कातडी लावतात. एकाची दुसऱ्याला चालते की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याने मनाशी ठरवलं होतं. "लागली तर माझ्या मांडीची घ्या म्हणून सांगणार आहे मी. माझी काय, भरून येईल." हे तो इतक्या सहज बोलला, जणू भाजी वाढ म्हणतोय.

पैलवानाचा घास हातातच राहिला. पैलवानीण त्याच्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात विनवत होती, की बोलू नका, संध्याकाळपर्यंत काहीतरी सुचेल. त्याने हात धुतला, पाय स्टुलावर ठेवला, गाऊन मांडीपर्यंत वर घेतला आणि स्वतःच पट्टी सोडायला लागला. वेटोळ्यांवर वेटोळी जमिनीवर पडत गेली.

मुलगा आधी आनंदलाच. भरली की, म्हणाला, वाकून हात लावून बघितलं. मग त्याने आईकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कधी भरली?"

"झाले दोन महिने," ती म्हणाली.

"आणि पट्टी तू बांधत होतीस?"

"मी बांधत होते." तिला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. हा माणूस यात सुखी असतो, मीही असते, तुला सांगून पटणार नाही पण तू एकदा शांत बसून बघ, असं. पण ती खाली पडलेली पट्टी गोळा करत राहिली, आणि बोलली नाही याचं तिला पुढे जन्मभर वाईट वाटलं.

मुलाने गाऊनकडे नुसतं बोट दाखवलं. पैलवान म्हणाला, "आयुष्यभर छाती काढून चाललो रे. यात छाती काढावी लागत नाही. दुसरं काही नाही."

मुलाचं ताट तसंच होतं. मग तो खाली बघत म्हणाला, "मी लहान असताना आईचा गाऊन घालून घरभर फिरलो होतो. आठवतं?"

"आठवतं."

"कानाखाली वाजवली होतीत. दोन दिवस कान दुखत होता."

"हो."

"मग आता मी काय करू, बाबा?"

पेरलं ते उगवतं, असं म्हणायला सोपं असतं. पैलवान वाकून गाऊन गुडघ्याखाली ओढायला लागला. त्या वेळी चुकलं माझं, असं म्हणाला असता तर कदाचित काही झालं असतं, कदाचित नसतंही. मुलगा उठला, हात धुऊन आला, आणि बापाकडे न बघता म्हणाला, "कातडी मागितली असती तर दिली असती. हे नाही जमत मला."

त्याने डॉक्टरची वेळ रद्द केली, गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं आणि दुपारच्याच बसने निघाला. जिन्यात आईला म्हणाला, बरे झाले म्हणून सांग सगळ्यांना. तो वाईट मुलगा नव्हता. वाईट असता तर पैलवानीण त्याच्याशी भांडली असती.

दुसऱ्या दिवशी पैलवानाने पॅन्ट घातली, पट्टा आवळला आणि डेपोत गेला. तिथे जल्लोष झाला. पाठीवर थापा पडल्या, जाऊबाई गेल्या का घरी, म्हणून पुन्हा हशा झाला, आणि त्याने त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसून दाखवलं. गल्लीत काकूंनी समाधानाने सांगितलं, बघ, शेवटी गुण आला. लोकांना खरोखरच आनंद झाला होता.

घरी मात्र तो पट्टासुद्धा सैल करीनासा झाला. जेवताना आवळलेला, टीव्ही बघताना आवळलेला. सकाळी बोलणं नाही. पैलवानिणीला वाटलं होतं जुनी आरडाओरड परत येईल, आणि ती तिने आनंदाने ऐकली असती. पण तीही आली नाही. डबा घ्यायचा, जायचं, यायचं. काकू शेंगा घेऊन आल्या की तो उठून आतल्या खोलीत जायचा. मुलाचा रविवारचा फोन यायचा. सगळं ठीक ना, तो विचारायचा, ठीक आहे, ती म्हणायची, आणि बापाला फोन दे असं कुणीच म्हणायचं नाही.

असे किती आठवडे गेले कोण जाणे. एका संध्याकाळी त्याची यायची वेळ झाली तशी तिने खिडक्या लावल्या, पडदे ओढले, काकूंना आज येऊ नका म्हणून सांगून आली. गाऊन धुऊन इस्त्री केलेला होता. तो तिने त्याच्या पलंगावर नीट पसरून ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. छातीत नव्या नवरीसारखी धडधड होत होती. त्याने घातला की काही बोलायचं नाही, नुसता चहा न्यायचा आणि समोर बसायचं, असं तिने ठरवलं होतं.

तो आला. चपला काढल्याचा आवाज आला, आतल्या खोलीत पावलं गेली आणि थांबली. तिने चहाचं पाणी ठेवलं.

मग त्याचा आवाज आला, डेपोतला, खणखणीत, भिंतीपलीकडे काकूंनासुद्धा ऐकू जाईल असा.

"अगं, तुझा गाऊन राहिलाय इथे. उचल तो."

ती आत गेली. तो पाठ फिरवून उभा होता, छाती काढून, बंद खिडकीकडे तोंड करून. तिच्यासारख्या तिघी मावतील एवढा तो गाऊन तिने उचलला, घडी केली आणि आपल्या कपड्यांत ठेवून दिला.