सुनेसाठी बर्बन

आमच्या घरात दारूची पहिली बाटली माझ्या हुकमावरून आली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली होते आणि पूर्ण शुद्धीत होते.

निमित्त सुनेचं. सई पुण्याची. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आली, चार दिवस राहिली, पुरणपोळी लाटायला शिकली (पोळीला कोपरे होते, पण आम्ही कौतुकानं खाल्ली) आणि त्यानंतर आलीच नाही. माझा ओंकार एकटाच येऊन जायचा. फोनवर सई "हो आई, नाही आई" यापलीकडं बोलायची नाही. मग फेब्रुवारीत तिला कंपनीच्या कामानं आमच्याच शहरात, चिकलठाण्याला यायचं ठरलं. ओंकारला सुट्टी नव्हती, ती एकटीच येणार होती. तिनं फोन करून विचारलं, "आई, मी हॉटेलवर राहू का? तुम्हाला उगाच त्रास." पुंडलिकनगरात सासूचं घर, आणि सून हॉटेलात! मी म्हटलं घरीच ये, पण तो प्रश्न घशात माशाच्या काट्यासारखा बसला.

मला वाटलं, पोरीला आपल्यात करमत नसणार. आपण पडलो जुन्या वळणाचे. तिनं मागं आमच्या घरच्या ग्रुपवर मैत्रिणींसोबतचा फोटो टाकला होता. हातात उंच ग्लास, त्यात लालजांभळं काहीतरी, वर पुदिन्याचं पान. ओंकारला आडून विचारलं तर म्हणाला, ते बर्बनचं, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीचं कॉकटेल, ताज्या बेरी घालून करतात. मी मोबाइलवर कृती बघितली. बेरी, साखर, लिंबू एकत्र चेचायचं, त्यात बर्बन, बर्फ आणि वरून सोडा. पन्ह्याहून सोपं. ठरवलं, या खेपेला सुनेच्या हातात हा ग्लास आपणच द्यायचा. मग बघू कोण हॉटेलवर राहतं ते.

आमचे हे पाटबंधारे खात्यातले. नोकरीभर पाणीच सोडलं आणि जन्मभर पाणीच प्यायले. त्यांना म्हटलं, बाजारातून बर्बन आणि ताजी बेरी घेऊन या. तासाभरात खुशीत परतले. पिशवीतून किलोभर बोरं निघाली. आणि त्यांच्याखाली क्रीमच्या चॉकलेटी बिस्किटांचे पुडे, वर ठळक अक्षरात 'बर्बन'.

मग त्यांना खुर्चीत बसवून समजावलं. "दारू?" असं म्हणून त्यांनी पंखा लावला. मी म्हटलं, मक्याची असते. तेव्हा जरा निवळले.

"मक्याची व्हय? मग आधी सांगायचं की. सिल्लोडकडं आपले निम्मे सोयरे मक्यावरच जगतेत."

तरीही निघताना डोक्यावर हेल्मेट चढवलं. स्कूटरवर हे कधी हेल्मेट घालत नाहीत. दारूच्या दुकानात मात्र काच खाली ओढूनच उभे राहिले. आतून बोललेलं दुकानदाराला कळेना, म्हणून मागणी तीनदा, चढत्या आवाजात करावी लागली. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी विचारलं, "जाधवसाहेब, पाहुणे आलेत वाटतं?" यांच्या हास्यक्लबातले सोबती होते. चेहरा झाकला होता खरा, पण खांद्यावरची पिशवी ओंकारच्या लग्नात वाटलेली, तिच्यावर आमचं आडनाव मोठ्या अक्षरात.

राहिल्या बेरी. शेजारच्या रेहानाभाभींच्या अंगणात तुतीचं झाड आहे आणि ते नेमकं तेव्हा लगडलं होतं. वर्षानुवर्षांचा शेजार आमचा. ओंकार तर त्यांच्या ओट्यावर लहानाचा मोठा झाला. मी त्यांना एवढंच सांगितलं की सून येणार आहे, शरबत करायचंय. त्या पातेलंभर काळीशार तुती घेऊन आल्या आणि थेट स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या.

"बहू के लिए है ना? फिर मैं बी पीकेच जाती."

मी बाटली पिठाच्या डब्यामागं सरकवली. त्यांच्या धर्मात जे वर्ज्य, ते माझ्या हातून नकळतसुद्धा त्यांच्या पोटात गेलं असतं तर मी त्यांच्या दारात पुन्हा कुठल्या तोंडानं उभी राहिले असते? म्हणून दोन तांबे घेतले. एकात साधं शरबत भाभींसाठी, दुसऱ्यात सईसाठी ते दुसरं. तुती बिचाऱ्या भाभींनीच चेचून दिली. मग हॉलमध्ये हवा चांगली येते असं सांगून मी त्यांना बाहेर बसवलं आणि खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं बर्बन मोजून एका तांब्यात ओतलं. कृतीतल्या मापांना टोपणात बसवताना थोडं जास्त गेलं असावं.

नळाखाली धरून ट्रेमधला बर्फ सुटा केला आणि वळले, तर ओट्यावर तांबे नाहीत. यांनी मदत म्हणून दोन्ही उचलून फ्रिजमध्ये ठेवले होते. एकाच जोडीतले, एकसारखे. मी विचारलं, माझा कुठला? हे म्हणाले, डावीकडचा. मग फ्रिज उघडून जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "का उजवीकडचा?"

वास घेतला. पण ओतताना माझ्याच हातून ओट्यावर थोडं सांडलेलं, त्यामुळं अख्खं स्वयंपाकघरच घमघमत होतं. आणि चव बघून कळावं, तर आमच्या दोघांपैकी कुणालाच दारूची चव ठाऊक नाही. हे म्हणाले, दोन्ही मोरीत ओतू. मी म्हटलं, भाभी बाहेर ग्लास घेऊन बसल्यात, त्यांना काय बोरं देऊ?

तेवढ्यात बेल वाजली. सई आली होती. मी तिच्या हाताला धरून, पाणीसुद्धा न विचारता, तिला फ्रिजपुढं उभं केलं आणि एका दमात सगळं सांगितलं. यातल्या एका तांब्यात तुझ्यासाठी बर्बन आहे, दुसरा रेहानाभाभींचा, तेवढी चव घेऊन सांग कुठला कुठला ते.

सई तांब्यांकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. तिचे डोळे भरून आले.

"आई, मला नाही ओळखता यायचं. मी पीत नाही. तो ग्लास मैत्रिणीचा होता. तिला फोटोआधी केस नीट करायचे होते, म्हणून मी धरला." मग ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही त्या फोटोखाली दोन हात जोडले होते. मला वाटलं, कोपरापासून नमस्कार केलात. त्यानंतर इथं यायला तोंडच नव्हतं मला."

मी मटकन स्टुलावर बसले. त्या जोडलेल्या हातांचा अर्थ 'छान' असा होतो, या समजुतीत मी होते. वाढदिवसाला, कुणाच्या इडलीला, यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, सगळ्यालाच मी हात जोडलेले. तसं सांगितल्यावर सई आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करत माझ्या खांद्यावर डोकं टेकून राहिली. हे पाठ फिरवून कोरडा ओटा पुसत बसले.

दारात रेहानाभाभी उभ्या होत्या, हातात रिकामा ग्लास. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना खरं काय ते सांगून टाकलं आणि माफी मागितली.

"बाई, डब्बे के पीछे की बाटली तो मैं आतेच देखी थी," त्या म्हणाल्या. "बोली, देखूं तो सही, ये मास्टरनीबाई मेरे को क्या पिलाती." मग सईच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तेरी सास तेरे वास्ते क्या क्या करी, बेटा." आणि स्वतःच लिंबू कापून सगळ्यांसाठी पाणी केलं.

सई, भाभी आणि हे बाहेर लिंबूपाणी घेऊन बसले. सई हसत होती, तो आवाज आत येत होता, आणि मी दोन तांब्यांपुढं उभी होते. भाभींची तुती मोरीत ओतायची माझी छाती होईना. साधं शरबत कुठलं ते कळलं असतं, तर तेवढं तरी वाचलं असतं. म्हणून मी एका तांब्यातलं वाटीभर घेतलं. गोड लागलं. दुसऱ्यातलं घेतलं. घशाला जरासं झोंबलं, पण लिंबूही झोंबतंच की. निष्कर्ष घाईनं काढायचा नाही, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवलं. तेव्हा पुन्हा पहिलं, पुन्हा दुसरं, असं खात्री होईपर्यंत चालू ठेवलं.

थोड्या वेळानं सई ओंकारला फोनवर सांगताना ऐकू आलं, "अरे, आईंना चढलीये बहुतेक." हा आरोप मला मान्य नव्हता. मी पदर सावरला, ताठ उभी राहिले आणि शाळेतल्या आवाजात ठणकावून सांगितलं, "सई, मी पूर्ण शुद्धीत आहे." सई काहीच बोलली नाही, तेव्हा मी तिला मान वर करून बोलायला बजावलं.

"आई," माझ्या पाठीमागून सई म्हणाली, "तो फ्रिज आहे."