राजा, पाय काढू नको बे

मनोज गेला तेव्हा आमचं बोलणं बंद होतं.

कशावरून? एका ब्रेकलाइटवरून. हसा खुशाल.

शाळेपासूनचा दोस्त. आंधळगावात त्याच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी कार बनवली. फायबरच्या बॉडीचा किट मागवला, मोडीतल्या गाडीचं इंजिन आणलं. वायरिंग त्याचं, रंग माझा. माझं पेंटिंगचंच दुकान. खालच्या लोखंडी सांगाड्याला, चासीलासुद्धा असा निळा मारला की तोंड पाहून घ्यावं.

लोक पाहायला यायचे. "उडते का गा हे?" म्हणायचे.

गाडी चालू झाली. एकच खोड राहिली. ब्रेक दाबला की ब्रेकलाइट लागायचा नाही, इंडिकेटर मात्र मिणमिण पेटायचे.

असा फॉल्ट शोधायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं मागे वायर तपासायच्या. आत मी, मागे तो.

"राजा, पाय काढू नको बे!" मागून सारखा ओरडायचा.

एका रविवारी म्हणाला, "अर्थिंग मिळून नाही राहिली. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून वायर चासीले कसली. पण त्या बोल्टाखाली तुहा रंग आहे, तोच करंट अडवून राहिला. थोडा खरवडू दे."

बस्स. माझं डोकं सटकलं.

"फॉल्ट तुह्या वायरिंगचा, अन् नावं माह्या रंगाले ठेवतं? ब्लेड लावून तर पाह्य. या शेडात पाय नाही ठेवणार मी!"

अन् निघून आलो.

नंतर त्याचा मेसेज आला. "रविवारी ये ना बे. ब्रेक दाबाले कोणी नाही."

मी वाचला. निळी टिक गेली त्याला. उत्तर दिलं नाही. म्हटलं, येऊ दे हात जोडत.

आला नाही. मागच्या आठवड्यात सकाळीच छातीत दुखलं, भंडाऱ्याला नेता नेताच गेला.

मयतीत मी सगळ्यात मागे उभा होतो. लोक माझ्याच खांद्यावर हात ठेवत होते. "तुमची जोडी होती गा." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज वहिनीनं शेडात बोलावलं.

सीट अन् ब्रेकच्या पायडलच्या मध्ये बांबूचा तुकडा अडकवलेला होता.

वहिनी म्हणाल्या, "त्या बांबूले तुमचंच नाव ठेवलं होतं, भाऊजी. ब्रेकवर लावत अन् मागे जाता जाता म्हणत, राजा, पाय काढू नको बे."

आम्ही दोघंही हसलो. मग वहिनीनं पदर डोळ्याला लावला.

मागे वाकून पाहिलं. बल्ब नवे, होल्डर नवे, वायर नवीन. सगळं बदललं होतं त्यानं. फक्त त्या बोल्टाखालचा निळा रंग जसाच्या तसा. साधा ओरखडासुद्धा नाही.

"मी म्हटलं, खरवडा ना जी, कोण पाहाले येते. तर म्हणे, त्याचा रंग आहे, तो आला की तोच खरवडन."

काय करू या माणसाचं! अरे, खरवडायचा होता ना बे. मला शिव्या द्यायच्या होत्या. घरी येऊन कॉलर धरायची होती.

बोल्ट खोलला. पॉलिश पेपर घेतला अन् स्वतःच्या हातानं माझा रंग घासला. खालचं लोखंड पांढरं चकचकीत निघालं. वायर परत कसली. अर्ध्या चहाचं काम होतं.

बांबू काढला, आत बसलो, ब्रेक दाबला. मागे वहिनी उभ्या होत्या.

"लागला, भाऊजी! लालभडक लागला."

मी ब्रेक तसाच दाबून धरला.

"काढा आता पाय. लागला म्हटलं ना."

नाही काढवला.

मनोज, श्रद्धांजली सगळेच वाहून राहिले. मी तर माफी मागाले आलो, तेही उशिरा.

पाय नाही काढला बे. जाय आता निवांत.