डाव्या खिळ्यावरचा बिल्ला

रश्मीचा फोन आला तेव्हा मी सिविक सेंटरला बँकेत उभी होते. "मावशी, पप्पा उठून नाही राहिले," एवढंच ती म्हणाली. मागून ताईचा आवाज आला, "तिले म्हण, ऑटोनं ये, स्कूटी चालवू नको." प्रभाकर भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सकाळी उठले, स्वतः चहा करून प्यायले, व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले आणि गेले. मी ऑटोनं मरोद्याला ताईच्या घरी पोचले. कोणाला कळवायचं, नागपूरकडचे कोणत्या गाडीनं येतील, डॉक्टरांचा दाखला कोण आणेल, हे सगळं मोबाइलमध्ये लिहीत मी स्वयंपाकघरात उभी राहिले. तिथं ओट्याच्या वर भिंतीला दोन खिळे आहेत, हातभर अंतरावर. डाव्या खिळ्यावर भाऊजींचा हजेरीचा जुना पितळी बिल्ला लटकत होता. म्हणजे जाण्याआधी त्यांनी तेवढं काम उरकलं होतं...

त्या बिल्ल्याबद्दलच लिहायचं आहे. ताईला विचारलं, "लिहू का?" ती म्हणाली, "लिही. त्यांले लाज नव्हती, मले कायची?"

भाऊजी भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून लागले आणि तिथंच निवृत्त झाले. मी सगळं लिहून ठेवते म्हणून मला यादीबाई म्हणायचे. छत्तीसगड राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा ताईला दुसरी मुलगी झाली. बाळंतपणात इतकं रक्त गेलं की डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं, पुढची काही वर्षं दिवस राहता कामा नयेत, राहिले तर मी हमी देऊ शकत नाही. लगेच ऑपरेशन करावं इतकी ताकदही ताईच्या अंगात नव्हती. तांबीची तिला भीती वाटत होती. आणि घरात भाऊजींची आई होती, जिला नातू हवा होता. ती रोज संध्याकाळी देवाजवळ मोठ्यानं मागायची, म्हणजे सुनेलाही ऐकू जावं.

धाकटी अंगावर पीत होती तोवर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नाहीत, निरोधवर भागवायला सांगितलं. मूल वरचं खाऊ लागल्यावर आम्ही तिघं पुन्हा गेलो. बाईंनी ब्लड प्रेशर पाहिलं आणि प्रश्न विचारले. डोकं कसं दुखतं, कधी पाय सुजून दुखला का, कावीळ झाली होती का, टीबीची किंवा फिटची औषधं चालू आहेत का, घरात बिडी-सिगरेट कोण ओढतं.

"बिडी मी ओढतो जी," भाऊजी म्हणाले.

"मग गोळीही तुम्हीच घेणार का?"

"जमत असती तर घेतली असती."

बाई हसल्या. ताईनं पदराआडून भाऊजींना कोपर मारलं. मग बाईंनी पाकीट उघडून दाखवलं. एकवीस पांढऱ्या गोळ्या, त्या कामाच्या. सात तपकिरी, त्या लोहाच्या. पाळी आली की पहिल्या दिवशी सुरू करायची, रोज ठरलेल्या वेळेला घ्यायची. तपकिरी संपल्या की दुसऱ्या दिवशी नवं पाकीट, मध्ये खंड नाही. घेतल्यावर थोड्या वेळात उलटी झाली तर आणखी एक घ्यायची. पहिले दोन-तीन महिने मळमळ, अधूनमधून डाग, घाबरायचं नाही. पण छातीत दुखलं, दम लागला, एकच पाय सुजला, डोळ्यांपुढे काही विचित्र दिसलं, तर गोळी थांबवून सरळ दवाखान्यात यायचं. मी सगळं उतरवून घेतलं.

खरी अडचण होती ठरलेल्या वेळेची. शिफ्टच्या घरात ठरलेली वेळ कसली? एका आठवड्यात पहाटे डबा, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री. ताईनं गोळी डब्याशी जोडली होती, डबा भरला की गोळी. साप्ताहिक सुट्टीला डबा नाही, त्यामुळे गोळीलाही सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी आठवलं तेव्हा राहिलेली लगेच घेतली आणि त्या दिवसाची वेळेवर घेतली. एक चुकली तर एवढंच करायचं असतं. पण भाऊजींनी ते मनावर घेतलं. पाकीट कपाटात साड्यांखाली असायचं, सासूला दिसू नये म्हणून, त्यामुळे ते डोळ्यांसमोर ठेवायची सोय नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरात दोन खिळे ठोकले. सकाळी, शिफ्ट कोणतीही असो, ते बिल्ला डाव्या खिळ्यावर लावायचे. दिवाबत्तीनंतर ताई गोळी घ्यायची आणि बिल्ला उजव्या खिळ्यावर न्यायची. मी विचारलं तर म्हणाले, "प्लांटमधी मशीनवर चढलो का बंद केलेल्या स्विचवर आपला टॅग लावतो. काम करणाऱ्यानंच तो लावाचा, त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं काढून लाइन चालू केली तर आत माणूस असते, यादीबाई."

आणि दुसऱ्यानंच काढला. दिवाळीच्या आधी रंगरंगोटी निघाली. दोन दिवस सासूबाई भिंती पुसत होत्या. दुपारी बिल्ला काढायच्या, पुसायच्या आणि उजवीकडे लावायच्या, तिथं तो त्यांना बरा दिसायचा. संध्याकाळी ताई बघायची, बिल्ला उजवीकडे, म्हणजे गोळी झाली असणार. कामाच्या धबडग्यात रोजचीच गोष्ट, घेतली की नाही कोण आठवत बसतं... तिसऱ्या दिवशी पाकीट उघडलं तर दोन गोळ्या जास्त. शिवाय पाकीट नुकतंच सुरू केलेलं, आणि चुकायला सगळ्यात वाईट दिवस तेच. ताई फोनवर नीट बोलतही नव्हती. "मी वाचन का वं?" एवढंच विचारत होती. तेवढं एकच वाक्य.

आम्ही दवाखान्यात गेलो. बाई म्हणाल्या, एक गोळी आत्ता घ्या, आजची वेळेवर घ्या, पाकीट पुढे चालू ठेवा, सात दिवस निरोध वापरा. मग त्यांनी विचारलं, या काही दिवसांत संबंध आला होता का. आला असेल तर वेगळी गोळी द्यावी लागेल. ताईनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

"नाइट चालू आहे मॅडम," भाऊजी म्हणाले. "मी घरी येतो तवा हे दूधवाल्याशी भांडून राहते."

बाईंनी पेन खाली ठेवून हसून घेतलं. घरी आल्यावर भाऊजींनी आईला सांगितलं, त्या बिल्ल्याले हात लावू नको.

"कावून? सोन्याचा आहे काय?"

"प्लांटचा आहे. दंड होते."

"घरात टांगला त्यालेही दंड?" म्हातारी पुटपुटत गेली, पण पुन्हा हात लावला नाही.

अशी काही वर्षं नीट गेली. ताई अंगानं भरली, धाकटी शाळेत जाऊ लागली. एका दुपारी ताईच्या डोळ्यांपुढे चमकत्या वेड्यावाकड्या रेषा आल्या, अर्धं दिसेना, मग डोकं फुटायची वेळ आली. तिनं ते कोणाला सांगितलं नाही. पुन्हा तसंच झालं तेव्हा थोरल्या रश्मीनं बापाला सांगितलं. भाऊजींनी विचारलं तर ताई चिडली. "सांगतलं तर गोळी बंद करतीन. मंग काय करू? पुन्हा त्या टेबलावर जाऊ?" भाऊजी चप्पल घालून दारात उभे राहिले. बाईंनी गोळी त्याच दिवशी बंद केली. अशी डोकेदुखी असताना ही गोळी घेतली तर लकव्याचा धोका वाढतो, म्हणाल्या. मग पुढचे मार्ग सांगू लागल्या, तांबी, ताईचं ऑपरेशन... भाऊजींनी मध्येच विचारलं, "माणसाचं ऑपरेशन किती वेळाचं असते?"

"अर्धा तासही लागत नाही. त्याच दिवशी घरी."

"मंग पहिलेच कावून नाही सांगतलं?"

"कोणी विचारत नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी करून घेतलं. त्यांची आई पंधरा दिवस बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, वंश बुडवला. "दोन पोरी आहेत ना घरात," भाऊजी म्हणाले, "त्या काय भाड्यानं आणल्या?" प्लांटमध्येही खूप थट्टा चालली. कोणी म्हणालं, "क्या प्रभाकर, अब तो पावर गया?" त्यावर त्यांचं उत्तर आमच्या घरात अजून सांगितलं जातं, "सप्लाय चालू है, बस एक कनेक्शन काटा है." पण तीन महिने निरोध सोडला नाही. तपासणीचा कागद हातात आल्यावरच सोडला. "मीटरनं शून्य दाखवल्याबिगर लाइन बंद आहे म्हणाचं नाही," म्हणाले.

बिल्ला उजव्या खिळ्यावर पडून राहिला, काम झालं या अर्थानं. प्लांटचं क्वार्टर सोडून मरोद्याच्या स्वतःच्या घरात आले तेव्हा भाऊजींनी सगळ्यात आधी तेच दोन खिळे ठोकले. सासूबाई तोवर गेल्या होत्या, लपवायचं काही नव्हतं. मग ताईला ब्लड प्रेशरची गोळी सुरू झाली आणि बिल्ला पुन्हा कामाला लागला. सकाळी डावीकडे, भाऊजी. संध्याकाळी उजवीकडे, ताई.

परवा मी राहायला गेले. दिवस-कार्य होऊन बरेच आठवडे झाले. पाहुणे गेले, घर आवरलेलं होतं. बिल्ला अजून डाव्या खिळ्यावर होता. ओट्यावरच्या डब्यात गोळ्यांची पट्टी होती, एकही काढलेली नाही. मी ताईला विचारलं. ती पोळ्या लाटत होती.

"गोळी घेतली तर बिल्ला उजवीकडे करा लागते," ती म्हणाली. "उजवीकडे केला तर सकाळी डावीकडे कोण करन?"

मी पाण्याचा ग्लास भरला, पट्टीतली एक गोळी काढली आणि दोन्ही तिच्यासमोर ठेवलं. बिल्ल्याला हात लावला नाही. तिनं शेवटची पोळी भाजली, हात पुसले, गोळी घेतली. मग बिल्ला काढला, पदरानं पुसला आणि उजव्या खिळ्यावर लावला.

सकाळी उठून मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा तो उजवीकडेच होता. मी दारातच थांबले. ताई आली, गॅस पेटवला, दूध ठेवलं, आणि जाता जाता हात वर करून बिल्ला डावीकडे केला.

"बघून काय राहिली वं?" ती म्हणाली. "दुधाकडे पाह्य, उतू जाऊ देऊ नको."