रानातली हाक

संगीतातलं मला काही कळत नाही, तरी लिहितोय, माफ करा. होस्टेलवर मित्राने एका सिनेमाचं संगीत ऐकवलं. रानात एकट्याने राहणाऱ्या माणसाची गोष्ट. नुसती गिटार आणि मध्ये लांब शांतता.

"काय भारी एकांत आहे, भावा," तो म्हणाला.

मला ती शांतता सोसवेना. माझे बाबा वनमजूर, जंगलातल्या चौकीत एकटेच राहायचे. परवापासून ते बेपत्ता होते. आमच्याकडे रानात माणसाला नावाने हाक मारत नाहीत; रान नाव लक्षात ठेवतं आणि मग त्या माणसाला बोलावून नेतं म्हणतात. नुसतं 'कूऽऽ' करायचं आणि पलीकडून 'कूऽऽ' येईपर्यंत थांबायचं. गिटार थांबली की मी तसाच थांबत होतो.

संध्याकाळी काकांचा फोन आला.

"ओढ्यात सापडला रे तुझा बाप. गेला. मी नावाने हाक मारली त्याला. आता काय भ्यायचं?"