एक्कावन्न हजारांचा पुठ्ठा

जानेवारीचा दुसरा रविवार, कोरपना. मदतवाटपाचा कार्यक्रम, जाहीर रक्कम एक्कावन्न हजार. हजर: नागपूरच्या संस्थेचे सहा जण, आम्ही तीन माजी सैनिक, आणि गडचिरोलीच्या जंगलात सुरुंगावर डावा पाय गुडघ्याखाली गमावलेला आमच्या ओळखीचा एक जवान. आमच्यात एक निवृत्त सुभेदार, एक फौजेत गाडी चालवलेले राजुऱ्याचे चाचा, आणि मी, पलटणीच्या ऑफिसात कारकुनी केलेला.

जवान आता सिमेंट कारखान्याच्या गेटवर पहारेकरी आहे. उभं राहायची नोकरी. गुडघ्याखालचा उरलेला भाग बारीक होत गेल्यामुळे तो ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची वाटी ढिली झाली होती, घासून जखम व्हायची. नवी वाटी बावीस हजारांना. महिनाभरात नीट उभा राहिला नाही तर दुसरा माणूस ठेवू, असं ठेकेदाराने सांगून टाकलं होतं. संस्थेला त्याने हेच कळवलं होतं.

संस्थेने आणली चाकाची खुर्ची.

"लाभार्थीला पुढे घ्या," माइकवाला म्हणाला. मग फोटोवाला वाकून जवानाला हळूच म्हणाला, "पाय काढून बसा ना. पँट दुमडा. नाहीतर कळत नाही."

त्याने काढला. पायाला जखम होती, ती सगळ्यांनी पाहिली. टाळ्या वाजल्या.

त्याच्या हातात दाराएवढ्या लांबीचा पुठ्ठ्याचा चेक दिला. त्यावर त्याचं नाव कागदाने चिकटवलेलं, कडेने खालचं दुसरं कुणाचं नाव डोकावत होतं. फोटो झाल्यावर पुठ्ठा परत गाडीत गेला.

बाहेर चहाच्या टपरीवर चाचा भडकले. "हे मदत नाई, तमाशा आहे. तू काऊन गेला बे?"

"चाचा, खुर्चीवर बसून गेट कसा सांभाळू? मले वाटलं, वाटीचे पैसे भेटतीन."

सुभेदार म्हणाले, "माह्या डोळ्याचं ऑपरेशन अशाच एका संस्थेनं केलं. फोटोबी नाई काढला. सगळ्याले शिव्या नोको देऊ."

"डोळ्याचं दुखणं फोटोत दिसत नाई म्हणून नसन काढला, सुभेदारसाहेब!" चाचा म्हणाले.

सुभेदार हसले नाहीत. "ह्याच्या पायाचा सरकारी कागद फिरून राह्यला दोन वर्षं. घरी येऊन विचारलं कोणी? जे भेटते ते घ्यावं, पोरा."

मला दोघांचंही पटत होतं, आणि म्हणूनच जास्त चीड येत होती. सुभेदारांना भेटलेली संस्था खरी होती. ही तशा संस्थांच्या चांगल्या नावावर जगत होती.

सोमवारी मी संस्थेला फोन लावून हिशोब मागितला. तिथल्या बाईंनी बिनदिक्कत वाचून दाखवला: खुर्ची साडेसोळा हजार, मंडप बारा, जेवण नऊ, फोटो आणि बॅनर साडेआठ. एक्कावन्न हजारांत "कार्यक्रमासह" असं धरलेलं होतं म्हणे. जेवण कुणाचं, विचारलं. "पाहुण्यांचं." जवानाला कुणी पान वाढलं नव्हतं, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "नोंद घेते."

शेवटी एवढा खर्च जाऊन राहिलेले पाच हजार संस्थेने जवानाला दिले. वाटीसाठी कमी पडणारे सतरा त्याने स्वतःच्या पेन्शनमधून घातले. बावीस हजार पोचले नागपूरच्या वाटी बनवणाऱ्याला.