पायातला पट्टा

शर्टाची एक बाही इस्त्री झाली होती, दुसरी व्हायची होती, आणि वहिनींचं लक्ष शर्टापेक्षा शेजारी ठेवलेल्या फोनकडे जास्त होतं. फोनवर धाकट्या दिराचा स्पर्धेतला नंबर होता, सहाशे चौदा. सकाळी साडेसहाला तो गावाबाहेरच्या तलावात उतरला होता. जवळजवळ दोन किलोमीटर पोहायचं, अंग पुसून नव्वद किलोमीटर सायकल मारायची आणि त्यावर एकवीस किलोमीटर पळायचं. हे सगळं दुपारी तीनच्या आत. तीनला एक मिनिट जास्त झालं तरी पुरं करणाऱ्यांच्या यादीत नाव नाही.

चांगला कामाधंद्याला लागलेला एकेचाळीस वर्षांचा माणूस हे कशासाठी करतो, असं कोणी विचारलं की वहिनी म्हणायच्या, त्यालाच विचारा. त्या लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा दीर अकरा वर्षांचा होता. सासूबाई वर्षभरात गेल्या. मग त्याच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं वहिनींनीच पाहिलं. पुढे तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून सांगितलं, तेव्हा चालायला लागला. चालता चालता पळायला लागला आणि मग हे खूळ डोक्यात शिरलं.

गेल्या वर्षी तलावाच्या मध्यावर त्याचा श्वास अडकला. हातपाय चालेनात, तेव्हा त्याला बोटीत घालून काठावर आणलं. तेव्हापासून कामावरच्या लोकांनी त्याचं नाव 'बोटवाले' ठेवलं. तो आला की कोणीतरी हमखास विचारायचं, "काय बोटवाले, आज लिफ्टने जाणार की वल्हवत?" तो हसून घ्यायचा, पण घरी जेवताना गप्प असायचा. या वर्षी नाव लागलं नाही तर सायकल विकून टाकतो, असं त्याने वहिनींना सांगून ठेवलं होतं. आणि तो बोललं ते करणाऱ्यातला.

सात चौतीसला फोनवर अक्षरं आली, पाण्याबाहेर. वहिनींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि हात जोडले. देवा, निम्मं तुझ्यावर घातलं होतं ते पार पाडलंस. आता सायकलची वेळ यायला हवी होती. पावणेआठ झाले, आठ झाले, सव्वाआठ झाले. बाकीचे नंबर पुढे सरकत होते. सहाशे चौदा होता तिथेच. दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले की रेंज गेली असेल, फोनचं काय घेऊन बसलीस. पण त्यांच्या हातातल्या पेपरचं पान अर्ध्या तासात उलटलं नव्हतं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र होतं. पाण्यातून बाहेर आला आणि कपडे बदलायच्या तंबूत चक्कर येऊन पडला, तर कोण बघणार? त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला. दादांनी स्कूटरची किल्ली घेतली.

तलावाच्या फाटकाशी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या एक बाई सगळ्यांना अडवत होत्या. वहिनींनी नंबर सांगितला. बाईंनी आत जाऊन सायकलींच्या रांगा बघितल्या आणि परत आल्या.

"सायकल जागेवर नाही. म्हणजे तुमचा माणूस रस्त्यावर आहे, घाबरू नका. पण त्याच्या पायातला पट्टा बोलत नाहीये. पडला असेल कुठेतरी."

त्या पट्ट्यातच वेळ मोजणारी चिप असते, हे दिराने घरी दहादा सांगितलं होतं. वहिनींचा जीव भांड्यात पडला खरा, पण डोकं आता दुसरीकडे धावायला लागलं होतं.

"पडणार नाही तो," त्या म्हणाल्या. "सायकलची साखळी उतरली असेल. तुम्ही त्याची निळी पिशवी बघा. साखळीला हात लावायचा तर तो अंगावर बांधलेलं सगळं आधी काढून ठेवतो. बावीस वर्षं तेच करतोय."

त्याच्या उमेदवारीच्या काळात एका जुन्या मिस्त्रीचं बोट अंगठीपायी मशीनमध्ये गेलं होतं. तेव्हापासून घड्याळ, अंगठी, गळ्यातला दोरा, काही म्हणून तो काम करताना अंगावर ठेवत नसे. निळ्या पिशवीत टॉवेलची नीट घडी निघाली, आणि घडीच्या आत घड्याळ आणि पायातला पट्टा शेजारी शेजारी.

बाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. सायकल संपवून आला की नवा पट्टा देऊ, म्हणाल्या. प्रश्न सायकलच्या दोन फेऱ्यांचा होता. दूरच्या वळणावर एक जण वहीत हाताने नंबर लिहितो. त्या वहीत सहाशे चौदा दोनदा सापडला तर ठीक, नाहीतर पुढे कितीही पळाला तरी बाद. आणि घरच्यांनी त्याच्या हातात पाण्याची बाटलीसुद्धा द्यायची नाही, तोही बाद करायचाच गुन्हा.

साडेनऊनंतर पहिली फेरी संपवून दीर समोरून आला. साखळीच्या वंगणाने हात-गुडघे काळे, तोंड लाल, पण डोळे शाबूत. वहिनींना बघून त्याने वेग कमी केला आणि नजरेनेच विचारलं, तू इथे कशी? ज्याच्या ताटात तीस वर्षं वाढलं, त्याला द्यायला हातात काही नव्हतं, आणि होती ती बातमी देऊन त्याचे पाय ढिले पाडायचे नव्हते.

"सगळं बरं आहे, जा तू," त्या म्हणाल्या. तो वळणापलीकडे गेल्यावर त्यांनी खोटं बोलल्याबद्दल देवाची माफी मागितली आणि एका झाडाखाली जप करत बसल्या. दादा चार वेळा चहा पिऊन आले.

साडेअकराला त्याला नवा पट्टा मिळाला, तेव्हा त्याला सगळं कळलं. पुढचे एकवीस किलोमीटर तो ते डोक्यात घेऊनच पळाला. काही ठिकाणी चालला, एकदा रस्त्याच्या कडेला ओणवा होऊन थांबला, आणि दोन अडतीसला शेवटच्या कमानीखालून आला. आल्या आल्या खुर्चीत बसायचं सोडून टेबलाकडे गेला. वळणावरची वही तिथे आली होती. घामाने आणि उन्हाने पानं वाकडी झालेली. बाईंचं बोट एकेका ओळीवरून खाली उतरत होतं. पहिला सहाशे चौदा लगेच सापडला. दुसऱ्यासाठी दोन पानं उलटावी लागली. अक्षर घाईचं होतं, चौदातला चार जेमतेम चार वाटत होता, पण पुढे वेळ स्पष्ट लिहिलेली होती. बाईंनी पेनाने त्याभोवती गोल केला, यादीत नाव चढवलं आणि वही मिटली.

वहिनी तिथल्या तिथे गवतात बसल्या. दीर लंगडत आला आणि शेजारी बसला.

"सकाळी तू बरं आहे म्हणालीस ना, तेव्हाच कळलं काहीतरी बिनसलंय," तो म्हणाला. "एवढं थोडक्यात तू कधी बोलतेस?"

वहिनींनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, तसा तो कळवळला. पोहायच्या रबरी कपड्याने त्याची मान घासून लालबुंद झाली होती, एका जागी सालपट निघालं होतं. दादांनी घड्याळ बघितलं. रविवारी औषधांचं दुकान चारला बंद होतं. वहिनींनी त्यांच्याकडून स्कूटरची किल्ली मागून घेतली आणि मलम आणायला निघाल्या.